फोकस कुठे गेला? (प्रस्तावना)

फोटो आउट आला की दोष लेन्सवर टाकायचा, ही फोटोग्राफरांची जुनी सवय. "लेन्स बॅक मारतेय", म्हणजे फोकस हवा त्याच्या मागे बसतोय, हे वाक्य रेहेकुरीच्या माळावर ऐकू येते, जायकवाडीच्या नाथसागराच्या काठावर ऐकू येते आणि नगरच्या कुठल्याही मंगल कार्यालयात पंगती उठता उठता ऐकू येते. कधी ते खरे असते, पण बऱ्याचदा नसते. शटर स्पीड कमी पडलेला असतो, फोकस पॉइंट भलत्याच जागी असतो, तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरत असते, नाहीतर स्वस्तातल्या यूव्ही फिल्टरने घात केलेला असतो. लेन्सचा खरा दोष आणि दोषाचा भास यांतला फरक ओळखता येणे हे डिजिटल कॅमेरा वापरणाऱ्याचे पहिले कौशल्य आहे, असे मी मानतो. हे पुस्तक त्या एका गोष्टीभोवती रचले आहे.

पुस्तकातली बहुतेक उदाहरणे अहिल्यानगर जिल्ह्यातली आहेत, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगरमधली. बोलताना आपण अजूनही नुसते नगरच म्हणतो. उदाहरणे इथली घेण्यामागे गावाच्या अभिमानापेक्षा मोठे कारण आहे. १७,०४८ चौरस किलोमीटरचा हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा कॅमेऱ्याची जेवढी परीक्षा घेतो, तेवढी फार कमी ठिकाणी होते. पश्चिमेला अकोले तालुका: १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, भंडारदऱ्याचा पाऊस, धुके, काळोखात चमकणारे काजवे. दक्षिणेला कर्जत-श्रीगोंद्याचे उघडे माळ, तिथले ऊन आणि उनात धावणारी काळविटे. पूर्वेला शेवगाव-नेवाशाच्या बाजूने जायकवाडीचे पसरट पाणी आणि हिवाळ्यात त्यावर उतरणारे रोहित. शिवाय शिर्डीची गर्दी, पारनेरात पिंपळगाव रोठ्याच्या कोरठण खंडोबाला उधळणारा भंडारा, त्र्यंबकेश्वरहून नगरमार्गे पंढरीला जाणारी निवृत्तीनाथांची पालखी, आणि वर्षभर लग्ने. एकच कॅमेरा हे सगळे टिपायला निघतो. एकच सेटिंग या सगळ्याला कसे पुरेल?

फोकसचा प्रश्न कॅमेऱ्याइतकाच जुना आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळातले नामवंत छायाचित्रकार. तेव्हा दुधी काचेवर उलटी पडलेली प्रतिमा काळ्या कापडाखाली डोके घालून बघायची, लेन्स मागेपुढे सरकवायची आणि मनासारखी स्पष्ट झाली की प्लेट चढवायची. पुरातत्त्व सर्वेक्षणातल्या हेन्री कझिन्स यांनी दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवर लिहिलेला मोठा ग्रंथ १९३१ साली निघाला. त्यात आपल्या जिल्ह्यातले रतनवाडीचे अमृतेश्वर आहे आणि पेडगावची मंदिरेही आहेत. देऊळ हलत नाही, त्यामुळे फोकसला हवा तेवढा वेळ देता येत होता. हलत्या चित्राला ती सवलत नव्हती. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'चा कॅमेरा त्र्यंबक तेलंगांनी सांभाळला. पुढे सिनेमात फोकस हे एका स्वतंत्र माणसाचे काम झाले. टेपने अंतर मोजायचे, जमिनीवर खुणा करायच्या आणि नट चालू लागला की लेन्सची रिंग त्याच्या पावलाबरोबर फिरवायची. आजही मराठी चित्रपटाच्या सेटवर फोकस पुलर हा मानाचा माणूस आहे, कारण त्याचा हात चुकला तर सगळ्यांची मेहनत वाया जाते.

घराघरांत कॅमेरा आला तो मात्र फोकस टाळून. अॅग्फाचा क्लिक थ्री असो की नव्वदच्या दशकातला कोडॅकचा केबी १०, त्यांत फोकस करण्याची भानगड जवळपास नव्हतीच. लेन्सचे तोंड लहान, नजर रुंद, त्यामुळे दोन पावलांपलीकडचे सगळेच बऱ्यापैकी दिसायचे. पोस्टकार्डाएवढ्या प्रिंटवर त्यातली कसर कोणाला जाणवत नसे. स्टुडिओवाले एसएलआर वापरत. व्ह्यूफाइंडरच्या मधोमध दुभंगलेली प्रतिमा जुळली की फोकस झाला, हे हाताला इतके सवयीचे झाले होते की ऑटोफोकस आल्यावर जुन्या पिढीतल्या अनेकांनी बराच काळ त्यावर विश्वास ठेवला नाही.

ऑटोफोकसचा इतिहास भांडणांचाही आहे. १९७७ साली कोनिकाचा सी३५ एएफ हा पहिला मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला ऑटोफोकस कॅमेरा बाजारात आला. त्यातली युक्ती अमेरिकेच्या हनीवेल कंपनीची होती. १९८१ साली पेंटॅक्सने एमई-एफ या एसएलआरमध्ये ऑटोफोकस आणला, पण तो चाचपडणारा होता. खरी उलथापालथ केली १९८५ च्या मिनोल्टा ७००० ने. फोकसची मोटर बॉडीतच, सगळी लेन्समालिका नवी आणि वेग त्या काळच्या मानाने थक्क करणारा. हनीवेलने पेटंटचा दावा लावला, १९९२ मध्ये मिनोल्टा हरली आणि तडजोडीत तिला जवळपास पावणेतेरा कोटी डॉलर मोजावे लागले. कॅननने १९८७ मध्ये ईओएस मालिका आणताना आपला जुना माउंट सरळ टाकून दिला आणि मोटर प्रत्येक लेन्समध्ये बसवली. जुन्या लेन्सा निरुपयोगी झालेल्या ग्राहकांचा संताप तिने पत्करला. निकॉनने १९५९ चा एफ माउंट जपला आणि मोटर बराच काळ बॉडीत ठेवली. म्हणूनच काही जुन्या निकॉन लेन्सा डी३००० किंवा डी५००० मालिकेच्या बॉडीवर आजही आपोआप फोकस करत नाहीत. जुन्या बाजारातून लेन्स घेणाऱ्याने हा इतिहास आधी वाचावा. त्याचे पैसे वाचतील.

डीएसएलआर फोकस कसा करतो, ते इथेच सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. मुख्य आरशाच्या मधल्या भागातून थोडा प्रकाश आरपार जातो. त्यामागचा छोटा आरसा तो खाली वळवतो आणि कॅमेऱ्याच्या तळाशी बसवलेल्या फोकस सेन्सरवर पाठवतो. तिथे लेन्सच्या दोन समोरासमोरच्या कडांतून आलेल्या प्रकाशाच्या दोन प्रतिमा पडतात. त्यांच्यातले अंतर ठरल्याइतके असेल तर फोकस बरोबर. कमी असेल तर लेन्स एका बाजूला फिरवायची, जास्त असेल तर दुसऱ्या. किती फिरवायची हेही त्या अंतरावरूनच कळते, म्हणून ही पद्धत झटपट आहे. तिला फेज डिटेक्शन म्हणतात. पण यात एक मूलभूत अडचण आहे: फोकस मोजला जातो एका जागी आणि फोटो उमटतो दुसऱ्या जागी. दोन्ही जागांचे लेन्सपासूनचे अंतर तंतोतंत सारखे हवे. छोट्या आरशाचा कोन किंचित बदलला, लेन्सची जडणघडण थोडी इकडेतिकडे झाली, माउंट झिजला, की कॅमेरा 'झाला फोकस' म्हणून हिरवा ठिपका दाखवतो आणि सेन्सरवर मात्र प्रतिमा थोडी पुढे किंवा मागे पडलेली असते.

हा 'थोडा' किती असतो, ते एका उदाहरणात पाहा. ८५ मिलिमीटरची प्राइम लेन्स, एफ/१.८, फुल फ्रेम बॉडी आणि नवरी दीड मीटरवर. हिशेब केला तर स्पष्ट दिसणारा पट्टा साधारण तीन-साडेतीन सेंटिमीटरांचा येतो. आता नवरीच्या कपाळावरून दोन्ही बाजूंनी लोंबणाऱ्या मुंडावळ्या आठवा. मोत्यांच्या त्या सरी डोळ्यापेक्षा तेवढ्याच पुढे असतात, चकाकतात, आणि फोकस सेन्सरला ठळक कडा असलेली वस्तू आवडते. फोकस मोत्यांवर बसतो आणि डोळे मऊ येतात. फोटोग्राफर म्हणतो, लेन्स फ्रंट मारतेय. लेन्स निर्दोष आहे, तिला जे दाखवले तेच तिने धरले. या चुकीसाठी फाइन-ट्यूनमध्ये, म्हणजे फोकस पायरीपायरीने पुढे-मागे सरकवण्याच्या मेनूतल्या सोयीत, अधिक पाच टाकले, तर मुंडावळ्या सोडल्यावर रिसेप्शनचा एकही फोटो धड येणार नाही.

फाइन-ट्यूनची सोय छायाचित्रकारांच्या हाती आली २००७ च्या सुमारास. त्या वर्षी कॅननच्या १डी मार्क ३ मध्ये आणि निकॉनच्या डी३ आणि डी३०० मध्ये ती मिळाली, आणि पुढच्या वर्ष-दोन वर्षांत इतरांनीही ती आणली. त्याआधी बॉडी आणि लेन्स दोन्ही सर्व्हिस सेंटरला पाठवण्यावाचून गत्यंतर नव्हते. सोय नेमकी तेव्हाच का आली? कारण फिल्मच्या काळात जी कसर प्रिंटमध्ये लपत होती, ती कॉम्प्युटरच्या पडद्यावर शंभर टक्के मोठी करून बघताच उघडी पडू लागली. मेनूत उणे वीस ते अधिक वीस अशा पायऱ्या असतात. एका पायरीत फोकस किती सरकतो हे लेन्सगणिक बदलते. हा आकडा लेन्समध्ये साठत नाही, बॉडीत साठतो. तीच लेन्स भावाच्या कॅमेऱ्याला लावली की मोजणी पहिल्यापासून करावी लागते. सिग्माचा डॉक आणि टॅमरॉनचा टॅप-इन कन्सोल यांनी वेगळी वाट काढली. त्यांत दुरुस्ती लेन्समध्येच लिहिली जाते आणि जवळच्या-लांबच्या अंतरांसाठी आणि झूमच्या टप्प्यांसाठी वेगवेगळी लिहिता येते. झूम लेन्सच्या बाबतीत ही मोठीच सोय, कारण ७० ला बरोबर असलेली लेन्स २०० ला चुकू शकते.

या सगळ्यात हात घालण्याआधी करायची एक चाचणी आहे आणि ती फुकट आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा. सपाट, ठळक अक्षरांची वस्तू समोर ठेवा, उदाहरणार्थ भिंतीवरचे मोठ्या आकड्यांचे कॅलेंडर. लेन्सचे तोंड पूर्ण उघडे ठेवून व्ह्यूफाइंडरमधून काही फोटो घ्या. दर वेळी फोकस आधी मुद्दाम बिघडवा. मग त्याच जागेवरून लाइव्ह व्ह्यूमध्ये तेवढेच घ्या. लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस सेन्सरवरच जुळवला जातो, दोन वाटांचा प्रश्नच येत नाही. लाइव्ह व्ह्यूचे फोटो लख्ख आणि व्ह्यूफाइंडरचे सातत्याने मऊ असतील, तरच फाइन-ट्यूनचे पान उघडायचे. दोन्ही मऊ असतील तर दोष दुसरीकडे शोधायचा. व्ह्यूफाइंडरचे काही पुढे, काही मागे असे विखुरलेले असतील, तर फाइन-ट्यूनने काहीच साधत नाही. ही चाचणी संध्याकाळी पिवळ्या बल्बच्या उजेडात करू नये. प्रकाशाच्या रंगानेही फेज डिटेक्शन थोडे सरकते, आणि बल्बखाली जुळवलेली लेन्स उन्हात चुकते.

आता रेहेकुरी. कर्जत तालुक्यातले हे काळवीट अभयारण्य १९८० साली झाले. क्षेत्रफळ अवघे २.१७ चौरस किलोमीटर, पण जिल्ह्यातल्या किती तरी वन्यजीव छायाचित्रकारांची ती पहिली शाळा. कळप अभयारण्याची हद्द जुमानत नाहीत, शेजारच्या शेतांतही चरताना दिसतात. धावते काळवीट ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास वेग गाठते, म्हणजे सेकंदाला सुमारे बावीस मीटर. बटण दाबल्यापासून आरसा वर जाऊन शटर उघडेपर्यंत सेकंदाचा विसावा भाग जरी गेला, तरी समोरून येणारे काळवीट तेवढ्यात मीटरभर जवळ आलेले असते. म्हणून कॅमेऱ्याला नुसता फोकस करून भागत नाही. प्राणी पुढच्या क्षणी कुठे असेल, याचा अंदाजही बांधावा लागतो. सलग फोकसची पद्धत, म्हणजे निकॉनचा एएफ-सी किंवा कॅननचा एआय सर्व्हो, हेच करते. सिंगल मोडवर धावते काळवीट टिपू पाहणाऱ्याला जगातली सर्वांत महाग लेन्सही मदत करणार नाही.

मात्र रेहेकुरीत सर्वाधिक फोटो बिघडतात ते हवेमुळे. सकाळी नऊ-दहानंतर माळ तापू लागतो. जमिनीलगतच्या हवेचे गरम-थंड थर एकमेकांत मिसळत वर चढतात आणि प्रत्येक थर प्रकाशाला थोडा वेगळा वाकवतो. डोळ्याला दूरचे झाड हलताना दिसते तेच हे. ४०० मिलिमीटरच्या लेन्समधून शंभर मीटरवरचे काळवीट बघताना हा सगळा थर लेन्स आणि प्राण्याच्या मध्ये येतो. एका फ्रेममध्ये शिंग लख्ख आणि डोळा वितळलेला, पुढच्या फ्रेममध्ये उलट. हा फोटो कुठल्याही सेटिंगने सुधारत नाही. उपाय एकच: जवळ जाता येईल तेवढे जा आणि ऊन चढण्याआधी जा. उन्हाळ्यातच असे होते हा गैरसमज आहे, हिवाळ्यातही थंड रात्रीनंतर काळ्या रानावर ऊन पडले की हवा तशीच थरथरते. दुपारी माळावर बसून मेनूतले आकडे वर-खाली करण्याची सवय मला फार घातक वाटते. तिथे जुळवलेला आकडा त्या दुपारच्या हवेचा असतो, लेन्सचा नसतो, आणि मग तो महिनोन्महिने कॅमेऱ्यात राहून प्रत्येक चांगला फोटो बिघडवतो.

माळावरचे वाळके गवत आणि लग्नातल्या अक्षता, या दोन्हींसाठी कॅमेऱ्यात एकच सेटिंग आहे, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. फोकस धरलेल्या वस्तूच्या आणि लेन्सच्या मध्ये अचानक काही आले, तर कॅमेऱ्याने लगेच त्याकडे वळावे की जुनी वस्तू धरून थांबावे, हे ठरवता येते. कॅननमध्ये ट्रॅकिंग सेन्सिटिव्हिटी, निकॉनमध्ये लॉक-ऑन, अशी त्याची नावे आहेत. मंगलाष्टके संपतात, अंतरपाट खाली येतो, अक्षता उडतात, वाजंत्री कडाडते आणि सगळे मिळून काही सेकंदांत आटोपते. इथे कॅमेरा चपळ ठेवला, तर तो दाण्यादाण्यावर उडी मारतो. धीराचा ठेवला तर नवरीचा चेहरा सोडत नाही. पण चेहरा आधी धरलेला हवा, आणि अंतरपाटाआड तो दिसतच नाही. म्हणून अनुभवी माणूस अंतरपाटाच्या रेषेत बाजूला उभा राहतो. तिथून वधू आणि वर दोघेही जवळपास सारख्या अंतरावर येतात, एकाचा चेहरा आधीच धरता येतो आणि कापड बाजूला होण्याची वाट पाहत बसावे लागत नाही. जागा निवडणे हेही फोकसचेच काम आहे, आणि ते कुठल्याही मेनूत सापडत नाही.

पद्धतींवरून छायाचित्रकारांत तट पडलेले आहेत, आणि नवख्याचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. एक पंथ बॅक बटणाचा: फोकस अंगठ्याने, फोटो तर्जनीने, दोन्ही कामे वेगळी. वन्यजीव छायाचित्रणात ही सवय उत्तम, कारण काळवीट थांबले की अंगठा उचलायचा आणि फोकस तिथेच राहतो. पण लग्नात कॅमेरा घटकाभर मदतनीसाच्या हाती दिला की त्याचे सगळे फोटो आउट येतात. दुसरा पंथ फाइन-ट्यूनवाल्यांचा. नवी लेन्स घरी आली की चार्ट, तिरपी पट्टी आणि सॉफ्टवेअर काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्यांच्या शिस्तीचा मला आदर आहे, फक्त एफ/५.६ च्या किट लेन्सवर ती खर्च होताना पाहून वाईट वाटते. त्या लेन्सचा स्पष्ट पट्टाच इतका रुंद असतो की छोटी चूक त्यात सामावून जाते. तिसरा पंथ हाताने रिंग फिरवणाऱ्यांचा. तो संपला असे अनेकांना वाटते, पण काजव्यांच्या रात्री सगळ्यांना त्याच पंथात यावे लागते. आणि चौथा, आता सर्वांत मोठा, कॅमेऱ्यावर भरवसा ठेवणारा. डोळा ओळख, पक्षी ओळख, गाडी ओळख. बाकी मी फक्त चौकट ठरवणार.

या चौथ्या पंथाला बळ मिळाले ते आरसा गेल्यामुळे. २०१३ च्या कॅनन ७०डी मध्ये प्रत्येक पिक्सेल दोन भागांत विभागला गेला आणि फोटो जिथे उमटतो तिथेच फोकस मोजला जाऊ लागला. पुढे मिररलेस कॅमेऱ्यांत हीच वाट मुख्य झाली. २०१८ मध्ये कॅननने ईओएस आर आणि निकॉनने झेड मालिका आणली. कॅननचा १डी एक्स मार्क ३ आणि निकॉनचा डी६ हे दोघांचे शेवटचे मोठे डीएसएलआर २०२० चे. त्यानंतर त्या दर्जाचा नवा डीएसएलआर दोघांनीही आणलेला नाही. मोजणे आणि उमटणे एकाच जागी आल्यावर फ्रंट-बॅक फोकसचा जुना रोग बहुतांशी गेला. मग फाइन-ट्यूनवर आता का लिहावे?

कारण आरसा गेला तो नव्या कॅमेऱ्यातून. शहरांतले व्यावसायिक मिररलेसकडे वळले आणि त्यांचे डीएसएलआर, त्यांच्या लेन्सा जुन्या बाजारात उतरल्या. आज संगमनेर, राहुरी, जामखेडच्या एखाद्या मुलाला पहिला कॅमेरा घ्यायचा असेल, तर बऱ्याचदा तो हाच असतो: हजारो क्लिक झालेली बॉडी एकाकडून, लेन्स दुसऱ्याकडून, दोन्ही वॉरंटीबाहेर. पूर्वी ज्यांना फाइन-ट्यूनची गरज होती त्यांच्याकडे नवी साधने आणि सर्व्हिस सेंटर होते. आज ज्यांना गरज आहे, त्यांना दुरुस्तीसाठी पुण्या-मुंबईची वाट धरावी लागते, आणि तेवढ्यात हंगामातल्या दोन ऑर्डरी जातात. आणि ही सगळी विद्या इंग्रजी मॅन्युअलांत आणि इंग्रजी मेनूंत अडकलेली आहे. माहिती मिळते ती तोंडी, तुकड्यातुकड्यांत आणि निम्मी चुकीची. मराठीत ती नीट, एका जागी असावी ही गरज मला आज जास्त वाटते.

मिररलेसवाल्यांनाही सुटका नाही. सेन्सरवरची फोकस यंत्रणा बहुतेक कॅमेऱ्यांत उभ्या कडा चांगल्या ओळखते, आडव्या ओळखताना अडखळते. बंद दुकानाच्या शटरच्या आडव्या घड्यांवर फोकस करून पाहा, मग कॅमेरा थोडा तिरका धरून पुन्हा पाहा. फरक डोळ्यांना दिसेल. डोळा ओळखणारा कॅमेरा मुंडावळ्यांआडचा डोळा कधी पकडतो, कधी सोडतो. गवताआडच्या काळविटाचेही तेच. यंत्र हुशार झाले म्हणजे निर्णय संपले नाहीत. ते फक्त मेनूत खोलवर गेले.

सेटिंग्ज सांभाळणे म्हणजे काय, हे काजव्यांच्या रात्रीइतके दुसरीकडे कुठे कळत नाही. मेअखेर ते जूनचा पहिला पंधरवडा, पाऊस जोर धरण्याआधी, भंडारदरा-घाटघर-साम्रद-रतनवाडीच्या परिसरातली झाडे काजव्यांनी लखलखतात. त्या उजेडावर कुठलाही ऑटोफोकस चालत नाही. उजेड असतानाच झाड निवडायचे, त्यावर फोकस घ्यायचा, लेन्स मॅन्युअलवर टाकायची आणि रिंगवर चिकटपट्टी लावायची. बऱ्याच मिररलेस लेन्सांची रिंग यांत्रिक नसते, विजेच्या संकेतांवर चालते. कॅमेरा बंद केला की फोकस जागेवरून हलतो, चिकटपट्टी लावूनही. तिथे कॅमेरा बंदच करायचा नाही, म्हणजे जास्तीची बॅटरी हवी. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद, नाहीतर तीस सेकंदांच्या प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा आणखी तीस सेकंद अडकून बसतो आणि पुढे फ्रेम एकमेकांवर रचताना मध्ये खिंडारे पडतात. अख्खे झाड पेटल्यासारखे दिसणारे फोटो बहुतेक वेळा अशा अनेक फ्रेम रचूनच होतात, आणि तसे फोटोखाली सांगावे असे माझे ठाम मत आहे.

आणि एएफ असिस्टचा दिवा बंद. हे सेटिंग फोटोसाठी जितके आहे, त्याहून जास्त काजव्यांसाठी आहे. नर काजवा मादीला बोलावण्यासाठी चमकतो. कॅमेऱ्याचा झोत, मागच्या पडद्याचा लख्ख उजेड, मोबाइलची बॅटरी यांनी तो संवाद तुटतो. शेकडो पर्यटकांनी प्रत्येकी एकदाच झोत मारला, तरी त्या झाडावरची रात्र गेली. कॅमेऱ्याच्या मेनूत नैतिक निर्णयही असतात, आणि हा त्यातला सर्वांत सोपा आहे. दिवा बंद करायला दोन क्षण लागतात.

रात्र संपली की उरते ते काम फार जण विसरतात. आयएसओ ३२०० वर, फोकस मॅन्युअलवर, चिकटपट्टी तशीच, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साखरपुड्याची ऑर्डर. यासाठी बऱ्याच कॅमेऱ्यांत काही ना काही सोय आहे: डायलवरचे यू१, यू२ किंवा सी१, सी२, सेटिंग्ज कार्डावर साठवून परत चढवण्याची मुभा. त्या वापराव्यात. दोन कॅमेऱ्यांनी लग्न टिपायचे असेल तर सकाळी दोन्हींची घड्याळे जुळवून घ्यावीत. हळद आधी की सीमांतपूजन आधी, हे अल्बम लावताना कॅमेऱ्याच्या घड्याळावरूनच कळते. पालखीच्या दिवशी पांढऱ्या धोतर-टोप्यांनी भरलेल्या चौकटीत मीटर फसतो आणि सगळे करडे येते, त्यासाठी एक्स्पोजर वाढवावे लागते. संध्याकाळी ते शून्यावर आणायचे राहिले, की दुसरा दिवस जास्त उजळ. कोरठणला भंडारा उधळला की तो लेन्सवर बसतो. तो फडक्याने पुसायचा नाही, आधी ब्लोअरने उडवायचा. या बारीकसारीक गोष्टी मी पुस्तकात मुद्दाम सविस्तर दिल्या आहेत, कारण माझ्या पाहण्यात बिघडलेले फोटो बहुतेक इथेच बिघडतात, लेन्सच्या कॅलिब्रेशनमध्ये नाही.

शार्पनेसचे वेड वाढवणे हा माझा हेतू नाही. जिल्ह्यातला सर्वांत ओळखीचा चेहरा शिर्डीच्या साईबाबांचा. १९१८ मध्ये त्यांनी देह ठेवला. त्यांच्या हयातीत टिपलेली छायाचित्रे मोजकीच आहेत आणि आजच्या कसोटीला ती मऊच म्हणावी लागतील. त्यांच्या प्रतींच्या प्रती आणि त्यांवरून काढलेली चित्रे लाखो घरांत पूजली जातात. ती छायाचित्रे निघाली, हेच पुरेसे ठरले. फोकस अचूक हवा तो यासाठी, की जे बघणाऱ्याला दाखवायचे ते त्याला दिसावे. कुठे अचूक हवा आणि कुठे नसला तरी चालतो, हे ठरवणारा माणूस कॅमेऱ्याच्या मागे असतो.

म्हणून पुस्तकाची रचना मेनूच्या क्रमाने केलेली नाही. प्रसंग आधी आणि सेटिंग नंतर, असा क्रम आहे: धावणारा प्राणी, उडणारा पक्षी, गर्दीतला चेहरा, अंधार, धुके, देवळाचा गाभारा. प्रत्येक ठिकाणी आधी कॅमेरा काय बघतो ते, मग आपण त्याला काय सांगायचे ते. फाइन-ट्यूनला स्वतंत्र जागा आहे, पण ती शेवटी आहे आणि तिथे पोचण्याआधी ऊन, शटर स्पीड, फोकस पॉइंट, फिल्टर आणि व्ह्यूफाइंडरचा डायऑप्टर हे सगळे तपासून झालेले असेल, अशी अपेक्षा आहे. निकॉन आणि कॅननची उदाहरणे जास्त आहेत, कारण जिल्ह्यात मला तीच जास्त दिसतात. सोनी, फुजी आणि पेंटॅक्सवाल्यांना तत्त्व तेच, नावे वेगळी. मेनूतले इंग्रजी शब्द देवनागरीत जसेच्या तसे ठेवले आहेत. त्यांना बोजड मराठी प्रतिशब्द दिले असते, तर पडद्यावर ते शोधणार कुठे? व्हिडिओचा फोकस हा वेगळा आणि मोठा विषय आहे. तो इथे घेतलेला नाही. मोबाइलही नाही.

ज्यांची उद्या सकाळी ऑर्डर आहे, त्यांनी फाइन-ट्यूनचे प्रकरण आज रात्री उघडू नये. ट्रॅकिंग सेन्सिटिव्हिटी आणि दोन कॅमेऱ्यांची घड्याळे एवढे तपासावे, बॅटऱ्या चार्जिंगला लावाव्यात. कॅलेंडरसमोरची चाचणी त्यानंतरच्या मोकळ्या सकाळी, खिडकीच्या उजेडात करावी.